अंत्युखियाच्या पंगतीतला पेत्र

29 जूनला पेत्र आणि पौल या दोन प्रेषितांचा सण एकत्र येतो. पेत्र मूळचा कोळी, म्हणून गोव्यात बारदेशातल्या काही गावांत मच्छीमार त्या दिवशी होड्या एकमेकींना बांधून ‘सांगोड’ साजरा करतात. सणात जोडीने येणारे हे दोघे हयातीत मात्र एकदा चारचौघांत भिडले होते.

पेत्राची एक चूक बहुतेकांना ठाऊक असते. येशूला पकडून नेले त्या रात्री तो प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीपाशी होता. एका दासीने त्याला हेरले, त्याच्या गालीली बोलीवरून इतरांनाही संशय आला, आणि कोंबडा आरवायच्या आत तो तीनदा कानांवर हात ठेवून मोकळा झाला. चारही शुभवर्तमानांनी हे लिहून ठेवले आहे. पुढे तो पस्तावला, मंडळीचा आधारस्तंभ झाला, गोष्ट संपली, असे आपण धरून चालतो.

अंत्युखियात ती पुन्हा सुरू होते. तिथे पेत्र बिगरयहुदी विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत असे. यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आली आणि स्वारी हळूहळू बाजूला सरकू लागली. त्याचे पाहून बाकीचे यहुदीही उठले. पौलाचा सोबती बर्णबा याच्यासारखा भला माणूससुद्धा. कारण काय, तर आलेले लोक काय म्हणतील! पंक्तिभेद पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. पौलाने पेत्राला सर्वांसमोर तोंडावर सुनावले आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तसे नोंदवलेही. सुनावणारा तरी कोण? येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडमार झाली तेव्हा मारणाऱ्यांनी ज्याच्या पायाशी कपडे ठेवले होते, तोच. मला तर अंगणातली भीती आणि पंगतीतली भीती एकच वाटते. फरक इतकाच की आता पेत्र पुढारी होता, म्हणून त्याच्यामागोमाग इतरही उठले.

नंतरच्या भक्तांना हे पचेना. चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेममध्ये राहणाऱ्या जेरोम या पंडिताने जुन्या भाष्यकारांच्या आधाराने अर्थ लावला, की भांडण लुटुपुटीचे होते. लोकांना धडा मिळावा म्हणून दोघांनी ते वठवले. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोहून ऑगस्टिनने पत्र लिहून हरकत घेतली. पेत्राची चूक झाकायला पौलाला खोटे पाडायचे, हे त्याला मान्य नव्हते. मागून आलेल्याचे खडे बोल पेत्राने ऐकून घेतले, यातच ऑगस्टिनला त्याचे मोठेपण दिसले.

मी ऑगस्टिनच्या बाजूचा. तरी एक खरे, की ही हकीकत एकट्या पौलाची आहे. पेत्राने उलट काय सुनावले, की निमूट पुन्हा पंगतीत जाऊन बसला, यावर पौलाने अक्षर लिहिलेले नाही.