निष्फळ झालेलें प्रेम वायां जातें काय?

दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठीं कोणी आपला जीव दिला, आणि तरीहि ती सुटका त्याच्या हातून झाली नाहीं, तर त्याचें आत्मार्पण व्यर्थ गेलें असें म्हणावें काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. जो उपदेशक एकाच वाडींत वीस वर्षें शिकवीत राहतो व ज्याला एकहि बाप्तिस्मा पाहावयास मिळत नाहीं, त्याच्या मनांत रात्रीं हाच प्रश्न उभा राहतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धांतील एका वैमानिक शिपायाची हकीकत येथें देतों.

अँड्र्यू मायनार्स्की हा कॅनडा देशांतील विनिपेग शहरीं १९१६ सालीं, पोलंडहून आलेल्या आईबापांच्या पोटीं जन्मला. चामड्याचें काम करून तो पोट भरीत असे. १९४१ सालीं तो विमानदळांत शिरला. ता. १२ जून १९४४ च्या रात्रीं तो लँकास्टर जातीच्या बाँबफेकी विमानांतून इंग्लंडहून फ्रान्सांतील कांब्रे येथील रेल्वेच्या यार्डावर निघाला. विमानांत सात जण होते. मायनार्स्की विमानाच्या माथ्यावरील बंदुकांपाशीं होता. त्याचा सोबती पॅट ब्रॉफी शेपटीच्या टोकाशीं असलेल्या लहानशा फिरत्या कोठडींत एकटा बसला होता. वाटेंत जर्मन विमानानें गोळ्या झाडल्या, डावीकडील दोन्ही इंजिनें निकामी झालीं व आग भडकली. सर्वांनीं हवाई छत्रीनें उड्या घ्याव्या असा हुकूम सुटला.

मायनार्स्की दारापाशीं पोहोंचला होता. इतक्यांत त्याला दिसलें कीं ब्रॉफीची कोठडी अडकली आहे. तो ज्वाळांतून रांगत त्याच्याकडे गेला आणि कुऱ्हाडीनें, मग नुसत्या हातांनीं, ती उघडण्यास झटूं लागला. त्याचीं वस्त्रें व छत्री पेटली. ब्रॉफीनेंच त्याला परत जाण्याविषयीं खुणावलें. तेव्हां तो मित्राकडे पाठ न करितां मागें मागें सरकत दारापर्यंत गेला, उभा राहिला, ब्रॉफीस सलाम केला, आणि पेटलेल्या वस्त्रांनिशीं उडी घेतली. फ्रेंच लोकांना तो जिवंत सांपडला, परंतु भाजल्यामुळें लवकरच मरण पावला. मेआरिकूर या गांवच्या कबरस्थानांत त्याची कबर आहे.

आतां आश्चर्य असें कीं ब्रॉफी वाचला. विमान जमिनीवर आदळतांना तो बाहेर फेकला गेला. ज्यासाठीं मायनार्स्कीनें प्राण वेंचला, तें त्याच्या साह्यावांचूनच घडलें. हिशेबी मनुष्य म्हणेल, तो वळला नसता तर सातहि जण वाचले असते. हिशेब बरोबर आहे. परंतु बेथानीस प्रभूच्या मस्तकावर मोलवान तेल ओतलें गेलें, तेव्हां शिष्यांनींहि असाच बरोबर हिशेब मांडिला होता, आणि प्रभूनें तो मान्य केला नाहीं. त्या तेलानें प्रभूचें मरण टळलें नाहीं. तें टाळण्यासाठीं तें ओतलेंच नव्हतें. ब्रॉफी खास सुटेल अशी खात्री मायनार्स्कीस कोठून असणार? तो एकटा आहे, एवढेंच त्यानें पाहिलें. त्या घटकेस ब्रॉफी एकटा राहिला नाहीं. एवढें काम तर पुरें झालें, व पुढें काय घडलें यानें तें पुसलें जात नाहीं.

कोणी विचारील, हा मनुष्य बाँब टाकण्यास निघाला होता, मंडळीनें त्याची आठवण कां करावी? आक्षेप खरा आहे, आणि तो सौम्य करूं नये. फ्रान्सांतील ज्या रेल्वेवर बाँब पडत, तिच्या आसपास कुटुंबें राहत असत, व अशा हल्ल्यांत पुष्कळ निरपराधी लोक मेले. त्या कामगिरीस मी पवित्र म्हणणार नाहीं. उपासनेंत युद्धाचे पोवाडे गाणें तर मला मुळींच रुचत नाहीं. तथापि अशा वाटेवर असतांहि मनुष्याला आपला शेजारी ओळखतां येतो, हें नाकारणें म्हणजे सत्य लपविणें होय.

ही हकीकत जगाला कळली ती ब्रॉफीच्या तोंडून, आणि १९४६ सालीं मायनार्स्कीस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. त्या युद्धांत ब्रिटनच्या बाँबफेकी दळाचे ५५,५७३ लोक मेले. ज्यांची कबरहि ठाऊक नाहीं अशा २०,००० हून अधिक वैमानिकांचीं नांवें इंग्लंडांत रनीमीड येथील स्मारकावर कोरलीं आहेत. त्यांत मायनार्स्कीसारखे किती होते, कोण सांगणार? त्यांच्या विमानांतून कोणी ब्रॉफी जिवंत परतला नाहीं.