डब्याला कुणी सांगायचं?



गाडी उशिरा येते हा काही चळवळीचा विषय नव्हे, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होतो. पण एका रात्री माझंच तोंड मला दिसलं, म्हणून लिहितो.

मी विश्रामबागचा. साताऱ्याकडची बैठक आटपून रात्रीच्या पॅसेंजरनं घरी निघालो होतो. बैठकीत माणुसकीवर अर्धा तास बोललो होतो. मधल्याच एका स्टेशनात गाडी थांबली. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळा दोष त्या एका स्टेशनावर ढकलून आपण मोकळे होतो. तास गेला. भोंगा गप्प. डब्यात बाजार करून परतणाऱ्या बाया, कामावरनं सुटलेली माणसं. कुणी खाली उतरंना, गाडी सुटली तर? कुणी झोपंना.

मी उतरून गार्डाला विचारलं. पांढरा शर्ट, खांद्याला झोळी बघून तो म्हणाला, ''इंजिन बिघडलंय. दुसरं येईपर्यंत दोन-अडीच तास धरून चाला.'' मला सांगितलं. डब्याला सांगितलं नाही.

दारात एक म्हातारी बसली होती. ''सायेब, गाडी कवा सुटायची?''

''सुटेल आता, मावशी,'' मी म्हणालो.

बाहेर रस्त्यावर एकच वडाप उभं होतं. जागा थोड्या. सगळ्यांना कळलं असतं तर मला मिळाली नसती. मी बसलो आणि घरी आलो. म्हातारी कधी पोचली, ठाऊक नाही.

इंजिन लोखंडाचं आहे, बिघडणारच. पण गप्प बसणं हे लोखंडाचं काम नव्हे, माणसाचं. तीन तास लागणार हे कळलं तर माणूस ठरवतो: झोपावं, चालत सुटावं की घरी कळवावं. कळलंच नाही तर तो काय ठरवणार? मग तो प्रवासी राहत नाही, माल होतो. मालाला कुणी काही सांगत नाही.

याच मार्गावर मसूर आहे. 1901 साली नऊ वर्षांचे भीमराव आणि बरोबरची मुलं वडिलांकडे गोरेगावला जायला तिथं उतरली. संध्याकाळचे पाच वाजलेले. न्यायला कुणी नाही. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार नव्हते. पोरांनीच बैलगाडी हाकली. जवळ अन्न होतं, पण रात्रभर पाणी मिळालं नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते छापलं. त्यातली एक गोष्ट आपण घाईत ओलांडतो. येतोय असं पत्र मुलांनी धाडलं होतं. ते नोकराच्या हाती पडलं, पण त्यानं ते वडिलांना दिलंच नाही.

स्टेशनमास्तरचा विटाळ आणि नोकराची हयगय एक नव्हे. विटाळात हजारो वर्षांची जात आहे, हयगयीत तसं काही नाही. गाडीच्या उशिराला अस्पृश्यता म्हणणं हा त्या पोरांच्या तहानेचा अपमान होईल. पण हयगय झाली नसती, तर ती पोरं त्या रात्री विटाळाच्या तावडीत सापडली नसती. कळवायचं राहून जातं तेव्हा दुबळा माणूस ज्याच्या त्याच्या मर्जीवर पडतो. म्हणून कळवणं ही मेहेरबानी नव्हे, देणं आहे.

आणि माझं? मी विसरलो नव्हतो. एका जागेसाठी खोटं बोललो. 'सायेब' ही हाक मी तेव्हा कमावली.

स्टेशनावर भोंगा बोलता करा, ही मागणी आपण करूच. पण आपल्या सभेचं काय? पुढारी रात्री दहाला येणार हे आपल्याला सातलाच कळलेलं असतं. सतरंजीवर बसलेल्या बायांना आपण काय सांगतो? ''निघालेत, येतीलच आता.'' तेच वाक्य. त्यांच्या घरची चूल, पहाटेची पाळी आपण हिशेबात धरत नाही.

ज्याला कळलंय त्यानं डब्याला सांगावं. जागा गेली तरी सांगावं. पुढच्या वेळी मी सांगीन, हे लिहिणं सोपं आहे. म्हणून तुम्हालाच सांगून ठेवतो: भेटलात की मला विचारा.