वासरू कुठे आहे?

गेल्या हिवाळ्यात भाचीची गाय घेऊन आम्ही जिल्ह्यातल्या एका पशुप्रदर्शनाला गेलो होतो. गाय संकरित जर्सी, पहिल्या वेताची. भाची आठवीत असताना ती कालवड म्हणून आमच्या चौलच्या वाडीत आली, आता भाची अकरावीत आहे. मधल्या काळात पेंड भिजवणं, खरारा करणं, पावसाळ्यात माश्यांसाठी गोठ्यात धूर करणं, दावं धरून तिला लोकांमधून शांतपणे चालायला शिकवणं, हे सगळं तिनंच केलं.

पहाटे टेम्पो यायच्या आधी मी भाचीला म्हणालो, "आज सकाळची धार काढू नकोस. परीक्षक येईपर्यंत कास भरलेली दिसू दे." ती म्हणाली, "मामा, तिला ठणकेल ना," आणि बादली घेऊन बसली. गायीला नंबर आला नाही.

माझा सल्ला काही जगावेगळा नव्हता. गुरांच्या बाजारात विकणारा एक धार चुकवून गाय उभी करतो, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणजे फसवणूक म्हणावी तर फसलेला कोणी सापडत नाही. सगळ्यांनीच धार चुकवली तर स्पर्धाही बरोबरीची. मग चुकलं काय? रोज बारा तासांनी धार द्यायची सवय असलेल्या गायीची कास तटतटते, आचळांतून दूध ठिबकायला लागतं, ती मागचे पाय फाकवून चालते. वरचेवर असं झालं तर कासदाहाची भीती. माणसांपैकी कोणी फसलं नाही तरी गायीला दुखतंच. आणि ते दुखणंच आपण सौंदर्य म्हणून परीक्षकापुढे उभं करतो.

कांटचं म्हणणं होतं की जनावरांविषयी माणसाचं थेट असं कर्तव्य नाही. पण जनावरांशी क्रूर वागणारा पुढे माणसांशीही निबर होतो, म्हणून क्रौर्य टाळावं. मला हे पूर्वी पटायचं. त्या पहाटेनंतर पटत नाही. भाची स्वतःचा स्वभाव बिघडू नये म्हणून धार काढायला बसली नव्हती. तिच्या मनात ती स्वतः नव्हतीच, कास होती. कांटच्या हिशेबात गाय हे माणसाच्या सद्गुणाचं तालमीचं साधन ठरतं. प्रदर्शनात ती बक्षिसाचं साधन असते. साधन बदललं, गाय तिथेच.

आपल्याकडे गायीवर वाद कमी झालेले नाहीत. सावरकरांनी तिला देवता न मानता उपयुक्त पशू मानावं असं लिहिलं. आमच्याच जिल्ह्यात, गागोद्याला जन्मलेल्या विनोबांच्या प्रेरणेनं 1982 मध्ये देवनारच्या कत्तलखान्यापुढे सत्याग्रह सुरू झाला. दोन टोकं. पण दोन्हीकडे बोलणं होतं ते 'गाय' या जातीबद्दल. समोरच्या एका गायीला आज काय होतंय, हे पाहायला माता म्हणूनही वेळ होत नाही आणि पशू म्हणूनही. प्रदर्शनाचं मला कौतुक वाटतं ते इथे. तिथे एक पोरगी एका गायीचं दावं धरून उभी असते, आणि तिला त्या गायीचं खूर, चाल, कातडी, भूक सगळं पाठ असतं. इतकं बारकाईनं पाहणं ही नीतीची सुरुवात आहे, असं मी म्हणेन.

सुरुवातच, कारण परत येताना टेम्पोत भाचीनं विचारलं, "आणि तिच्या पाड्याचं काय झालं?"

गाय दूध देते ती व्याल्यामुळे. या गायीला पाडा झाला होता. महिन्याभराचा असताना 'पाळतो' म्हणणाऱ्या एका माणसाला मी तो देऊन टाकला, आणि पुढे चौकशी केली नाही. मुद्दामच केली नाही.

पूर्वी चौल-नागावच्या वाड्यांत रहाट होते. बैल नाहीतर रेडा गोल फिरायचा, गाडगी भरून पाणी वर यायचं आणि पाटानं सुपारीला जायचं. पाड्याला तेव्हा पुढचं आयुष्य होतं. विजेचे पंप आले आणि ते संपलं. गोहत्याबंदी राज्यात आधीपासून होतीच, 2015 मध्ये बैल आणि वळूही कायद्यात आले. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला, पण शर्यतीला संकरित जर्सीचा पाडा कोण घेणार? कापायला बंदी, कामाला जागा नाही, मग तो रस्त्यावर येतो. लिंगनिश्चित रेतमात्रा वापरली तर बहुतेक कालवडीच होतात. म्हणजे पाड्याचं काय करायचं याला आपलं उत्तर, तो जन्मूच नये. जो जन्मला त्याला ते उत्तर लागू पडत नाही.

गोठा भावनेवर चालत नाही, हे मला मान्य आहे. पेंडीचं पोतं मीच आणतो. प्रत्येक पाडा जन्मभर पोसा, असं मी कोणाला सांगू शकत नाही. पण पोसता न येणं वेगळं आणि विचारायचंच नाही असं ठरवणं वेगळं. पहिली अडचण आहे. दुसरी मी केलेली निवड होती, आणि धार चुकवण्यासारखीच ती दिसण्यासाठी केलेली होती. गाय देखणी दिसावी म्हणून तिचं दुखणं झाकायचं, गोठा देखणा दिसावा म्हणून पाडा.

परीक्षकांच्या तक्त्यात कास, आचळ, पाठीची रेषा, चाल असे रकाने असतात. त्यात एक रकाना वाढवावा असं मला वाटतं: वासरू कुठे आहे? गुण देऊ नयेत, फक्त मालकानं उत्तर लिहावं. माझ्यासारख्याला ते लिहिताना हात अडखळला, तरी पुढच्या वेताच्या आधी काहीतरी ठरवावं लागेल.

आमच्या ओटीवर दत्ताची तसबीर आहे, इथल्या डोंगरावरच्या यात्रेतून आजोबांनी आणलेली. दत्ताच्या मागे गाय आहे, पायाशी चार कुत्रे आहेत. वासरू नाही. इतकी वर्षं हात जोडताना ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्या माणसाकडे आता चौकशी करायला जायचं आहे. भाची बरोबर येते म्हणाली आहे.