चांगली वस्ती कोणती?



सध्या आपल्या मंडळातल्या तीन-चार घरांत एकच विषय चालू आहे, घर बदलायचा. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथली जुनी घरं आता पुरत नाहीत. गाडी लावायला जागा नाही, आजी-आजोबांना जिना चढवत नाही. मग कोणी भायलीकडे बघतं, कोणी गोत्री-सेवासीकडे, कोणी मांजलपूरला, कोणी वाघोडिया रोडला. परवा एका ताईंनी विचारलं, "नातवंडांच्या दृष्टीने चांगली वस्ती कोणती, ते सांगा ना." प्रश्न साधाच आहे. पण त्यातल्या 'चांगली' या शब्दापाशी मी अडकले. आज त्यावरच थोडं लिहिते.

या शब्दाचा अर्धा भाग सरळ आहे. पाणी किती वेळ येतं, पावसाळ्यात रस्त्यावर तुंबतं का, दवाखाना जवळ आहे का, बँकेचा हप्ता झेपेल का, शाळा किती लांब आहे. विश्वामित्रीच्या पुराचा अनुभव असलेल्या आपल्या गावात तर पाण्याची चौकशी आधी करायची. ही चौकशी करण्यात काही वावगं नाही. मुलाबाळांची काळजी घेणं हे गृहस्थाचं कर्तव्यच आहे. सहा वर्षांचं मूल रोज दोन तास बसमध्ये काढणार असेल, तर ती शाळा कितीही नावाजलेली असो, आईने दोनदा विचार करावाच.

दुसरा भाग मात्र कोणी मोठ्याने बोलत नाही. दलाल हळूच म्हणतो, "काकू, इथे सगळे आपलेच लोक आहेत." हे ऐकून बरं वाटतं. पण त्या वाक्यात कोण आहेत यापेक्षा कोण नाहीत, तेच सांगितलेलं असतं. अमुक धर्माचे नाहीत, तमुक जातीचे नाहीत, मांस-मच्छी खाणारे नाहीत, भाड्याने राहणारे नाहीत. आणि आपण 'चांगली वस्ती' म्हणतो तेव्हा पुष्कळदा हेच मनात असतं.

आता कोणी म्हणेल, आपल्या माणसांत राहावंसं वाटणं हे काय पाप आहे? मुळीच नाही. चार पिढ्या बडोद्यात राहूनही आपण घरात मराठी बोलतो. शेजारी मराठी असेल तर गणपतीत आरतीला आवाज चढतो, हळदीकुंकवाला हाक मारली की बायका येतात, नातवंडांच्या कानावर भाषा पडते. ही ओढ माणसाला असतेच. मागे दंगलीत ज्याचं घर जळलं, त्याने आपल्या लोकांच्या आसऱ्याला जाऊन राहावं, यालाही नावं ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. भ्यालेल्या माणसाला उपदेश करू नये, आधी धीर द्यावा. पण आपल्या माणसाजवळ जाऊन राहणं वेगळं आणि दुसऱ्याच्या वाटेत आडकाठी घालणं वेगळं. पहिल्यात कोणाचं काही हिरावलं जात नाही. दुसऱ्यात एका कुटुंबाच्या डोक्यावरचं छप्पर अडतं.

ही आडकाठी घातली कशी जाते, ते बघण्यासारखं आहे. त्यासाठी आपल्याच गावातली एक गोष्ट सांगते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते आपल्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. शिकून आल्यावर संस्थानाची नोकरी करायची असा करार होता, म्हणून १९१७ साली ते बडोद्याला आले. एवढं शिकलेला माणूस, महाराजांनीच बोलावलेला, आणि गावात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी उतारशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. काही दिवसांतच ते उघडकीला आलं, आणि लोक काठ्या घेऊन दाराशी उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडा, म्हणाले. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.

काठ्या घेऊन आलेल्यांपेक्षा मला त्यानंतरचा भाग जास्त विचार करायला लावतो. बाबासाहेबांचे इथे दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघेही सुशिक्षित, दोघांशीही चांगले संबंध. हिंदू स्नेही म्हणाले की तुम्ही माझ्याकडे राहायला आलात तर माझे नोकर काम सोडून जातील. ख्रिस्ती स्नेही म्हणाले की पत्नी गावाला गेली आहे, ती आली की तिला विचारावं लागेल. बाबासाहेब काय समजायचं ते समजले. मग ते कमाटीबागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघून गेले. ते बसले होते त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. नातवंडांना घेऊन बागेत आपण किती वेळा जातो! एकदा तिथेही दोन मिनिटं थांबावं.

या दोन स्नेह्यांपैकी एकानेही 'मला तुम्ही नकोत' असं म्हटलं नाही. एकाने नोकरांचं नाव पुढे केलं, दुसऱ्याने बायकोचं. त्यांचा स्वतःचा नकार असा कुठेच नव्हता, आणि तरीही पूर्ण बडोद्यात एका माणसाला एक रात्र काढायला जागा मिळाली नाही.

आता आजचं बघा. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा गेल्या वर्षी डुप्लेक्स बघत होता. एक जागा पसंत पडली, बोलणी झाली, आणि शेवटच्या दिवशी विचारणा झाली, "घरात नॉनव्हेज होतं का?" आमच्याकडे रविवारी मटण आणि अधूनमधून मासे होतात, तो खोटं बोलला नाही. तिथले चेअरमन भला माणूस. म्हणाले, "मला पर्सनली काही नाही हो, पण बाकीचे मेंबर ऐकणार नाहीत." मुलगा घरी येऊन चिडला. पणजोबा संस्थानात नोकरीला होते, सगळं आयुष्य या गावात गेलं, आणि आम्हाला जागा नाही? चिडणं बरोबरच होतं. पण दोन महिन्यांनी दुसरीकडे घर घेताना त्यानेच दलालाला विचारलं, "शेजारी कोण आहेत? नाही, मला काही नाही, पण आई जुन्या वळणाची आहे." माझी जाऊ तिथेच उभी होती. ती म्हणाली, "माझं नाव कशाला घालतोस? मला कुठे विचारलंस?"

जावेचं ते वाक्य मला फार मोलाचं वाटलं. नोकर, बायको, आई, मेंबर... प्रत्येक वेळी कोणाचं तरी नाव पुढे केलं जातं, आणि बहुतेक वेळा त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

जून २०२४ मध्ये आपल्याच गावच्या एका सरकारी घरकुल वसाहतीची बातमी आपण सर्वांनी वाचली. एका मुस्लिम कुटुंबाला मिळालेल्या घराला इतर रहिवाशांचा विरोध होता. त्या वेळी कोण बरोबर आणि कोण चूक यावर आपल्या ग्रुपवरही बरंच लिहिलं गेलं. तो वाद मी पुन्हा काढत नाही. एकच विचारावंसं वाटतं. त्या कुटुंबाच्या जागी जावेच्या मुलाला ठेवलं, तर आपल्याला काय वाटेल?

कायदा याबाबतीत काय म्हणतो, असंही काही दादा विचारतात. राज्यघटनेच्या १९व्या कलमाने भारताच्या नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारी उपविधी ग्राह्य धरली. गुजरातेत १९९१ चा अशांत धारा आहे. त्यात ठरवलेल्या भागात घर विकायचं तर आधी कलेक्टरची परवानगी लागते. दंगलीच्या भीतीने कोणी मातीमोल भावात घर विकू नये हा त्यामागचा उद्देश. पण पुढे त्याच कागदाचा उपयोग वस्त्या वेगळ्या ठेवायलाही होतो, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. म्हणजे कायद्याकडून आपल्याला 'चालतं' किंवा 'चालत नाही' एवढंच कळेल. योग्य काय, हा प्रश्न आपल्या विवेकाकडेच परत येतो.

शाळेचंही असंच आहे. 'चांगली शाळा' म्हणजे पुष्कळांच्या मनात मोठी फी आणि तशाच घरांतली मुलं. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) १२व्या कलमात असं आहे की खासगी शाळेने पहिलीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या. यात 'परिसर' या शब्दाकडे लक्ष द्या. वस्तीतून गरिबाला आधीच लांब ढकललं, तर परिसरात तो उरणार कसा? आपण वस्ती निवडतो तेव्हा आपल्या मुलाच्या बाकावर शेजारी कोण बसणार तेही निवडत असतो. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानात नेलं. सगळ्यांची मुलं शिकावीत हा विचार या मातीत तेव्हापासून आहे. आपल्या पणजोबांना त्याचा फायदा झाला, म्हणून आज आपण डुप्लेक्स बघतो आहोत.

जुन्या भागाचं मी गुणगान करत नाही. पोळी आणि वाडे जातीजातींचेच होते, आणि कोणाला ओट्यावर बसवायचं नि कोणाला खालीच उभं करायचं, हे ठरलेलं असे. पंढरपूरला चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर पायरीशी आहे, ती आपण वाकून नमस्कार करून ओलांडतो. ते आत का नाहीत, हे मात्र मुलांना सांगायचं राहून जातं.

तर त्या ताईंना मी काय सांगितलं? घर बघायला जाल तेव्हा पाण्याबरोबर आणखी थोडं विचारा. कामाला येणाऱ्या मावशींना लिफ्ट वेगळी आहे का? भाडेकरू चालतात का, आणि कोणते चालत नाहीत? शाळेत गेलात तर २५ टक्क्यांतली मुलं त्याच तुकडीत बसतात की वेगळी बसवतात? शिक्षक किती वर्षं टिकतात? उत्तरं ऐकून घर घ्यायचं की नाही, हे तुमच्या अडचणी तुम्हालाच ठाऊक, तुम्हीच ठरवा. सगळं मनासारखं कोणालाच मिळत नसतं. बजेटमध्ये बसणारी एकच जागा असेल, तर ती घ्यावी लागते.

पण राहायला गेल्यावर कधीतरी सोसायटीची मीटिंग होईल, नवीन कुटुंबाचा विषय निघेल, आणि कोणीतरी म्हणेल, "आम्हाला काही नाही, पण बाकीचे..." त्या वेळी हात वर करून एवढंच म्हणा, "बाकीच्यांत मला धरू नका. माझी हरकत नाही." कदाचित त्या दिवशी निर्णय बदलणार नाही. चार जणांच्या कपाळावर आठ्या पडतील, पुढच्या भिशीला बोलावणं यायला उशीर होईल. हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. पण त्या नकारावर आपली सही राहणार नाही. आणि गंमत अशी की एक जण बोलला की गप्प बसलेल्यांपैकी आणखी कोणीतरी बोलतं. १९१७ साली बडोद्यात असं बोलणारा एक जण निघाला असता, तर पुरे झालं असतं.

शनिवारच्या बैठकीत या विषयावर आपापले अनुभव जरूर सांगा. मतभेद असतील तर तेही सांगा, ऐकायला मला आवडेल.

आपली,
एक सेविका, बडोदे