मागची पेटी

पार्ल्यात, पूर्वेच्या एका गल्लीत, एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं दुचाक्यांचं गॅरेज होतं. बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास गल्लीत भरून राहायचा, त्या काळापासूनचं. 2016 साली कारखाना बंद झाला, वास गेला. मिस्त्री मात्र रोज सकाळी शटर वर करत राहिला.

त्याच गल्लीतल्या एका तरुणाने जुनी क्रूझर विकत घेतली. सीट खाली, पाय पुढे, हात रुंद हॅण्डलवर मोकळे. दोन चाकांमधलं अंतर जवळजवळ दीड मीटर, त्यामुळे गाडी रस्ता धरून शांतपणे चालायची. तो रोज तिच्यावरून अंधेरीला कामाला जायचा. हायवेच्या गर्दीत काटा पन्नासच्या पुढे क्वचितच सरकायचा. गाडीने कधी कुरकुर केली नाही.

हौसेने त्याने पुढे उंच काच बसवली. मग मागच्या दिव्याच्याही पलीकडे जाईल असा कॅरिअर लावला आणि त्यावर मोठी पेटी.

पेटीचे बोल्ट आवळून झाल्यावर मिस्त्रीने सवयीने हॅण्डल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहिलं. तो जरा थांबला.

"मधोमध अडकतंय रे. दोन दिवस ठेव. हॅण्डलचा कोनसेट खोलून बघतो."

"काका, उद्या डहाणूला जायचंय. मावशीकडे लग्न आहे पुढच्या रविवारी. आजीच्या समया पोचवायच्यात. आल्यावर बघू."

"निदान टायरची हवा तरी बघून जा."

"बघतो," तो म्हणाला, आणि विसरला.

पहाटे त्याने दोन्ही पितळी समया पेटीत ठेवल्या. वजनदार होत्या. वर आहेराची भांडी भरली. साइडच्या बॅगांमध्ये टॉवेल आणि एक शर्ट, बाकी रिकाम्याच. पेटीचं कुलूप लावलं आणि निघाला.

पुण्याचा द्रुतगती मार्ग दुचाकीला बंद, वरळीचा सागरी सेतूही बंद. मोकळा रस्ता हवा तर पार्ल्याच्या दुचाकीने उत्तरेलाच तोंड करायचं. दहिसर गेलं, वसईच्या खाडीवरचा पूल गेला, विरार फाटा गेला. मनोरनंतर समोर कुणीच नव्हतं. तिथे दुचाकीला ताशी 80 ची मर्यादा. काटा 80 वर आला, मग 90 वर, आणि त्याच्याही पुढे गेला. तो गाणं गुणगुणत होता.

पुढे एक कंटेनर होता. त्याला मागे टाकून तो बाहेर आला, तोच वारा अंगावर आला आणि हॅण्डल थरथरलं.

आधी नुसत्या मनगटांत मुंग्या. त्याने मुठी आवळल्या, तशी थरथर वाढली. खांदे ताठ केले, अजून वाढली. उजव्या हाताने पुढचा ब्रेक जरासा दाबला, आणि हॅण्डल दोन्हीकडे असं आपटू लागलं की समोरचा रस्ता त्याला दिसेना. मागे पेटीतल्या समया खणखणत होत्या. जीव घशाशी आला.

हात दुखून बधिर झाले, तेव्हा पकड आपोआप सैल झाली. थरथर किंचित कमी झाली. ते त्याच्या लक्षात आलं. त्याने ब्रेक सोडला, गुडघे टाकीला घट्ट लावले, बोटं हॅण्डलवर नुसती टेकवली आणि थ्रॉटल हळूहळू कमी करत आणला. 80. 70. 60. गाडी निमूट सरळ चालू लागली.

चारोटीच्या अलीकडे एका टपरीजवळ तो थांबला. चहाचा ग्लास हातात धरवेना, म्हणून बाकावर ठेवूनच प्यायला. मग त्याने समया पेटीतून काढून दोन बाजूंच्या बॅगांमध्ये एकेक ठेवली आणि पन्नासच्या वेगाने डहाणू गाठलं.

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर त्याने गाडी गॅरेजात लावली. सगळं सांगितलं आणि म्हणाला, "काका, हॅण्डलला डॅम्पर बसवून द्या. म्हणजे थरथरणार नाही."

मिस्त्रीने गाडीखाली जॅक लावून पुढचं चाक उचललं. फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवला. टक. पुन्हा हलवला. टक. "हात लाव," तो म्हणाला. तरुणाच्या तळव्यालाही तो धक्का लागला. मग मिस्त्रीने हवा मोजली. दोन्ही टायरमध्ये कमी होती. मागचा टायर मधोमध झिजून सपाट झाला होता.

"एअरपोर्टवरची ट्रॉली ढकललीस ना कधी? तिचं पुढचं छोटं चाक आपल्या खिळीच्या मागे ओढलं जातं, म्हणून आपोआप सरळ होतं. खिळी ढिली झाली की तेच चाक फडफडतं. तुझं पुढचं चाकही असंच सरळ व्हायला बघतं. तू त्याला आवळून धरलंस आणि तुझ्या दंडांचा ताठरपणा त्यात घातलास. वर ब्रेक मारून सगळा भार त्याच्याच डोक्यावर दिलास."

"मग डॅम्पर?"

"पुढची थरथर दाबेल. पण ही पेटी मागच्या आसाच्या बाहेर लटकते. वेगात अख्खी गाडी मागून डोलायला लागली, तर डॅम्पर कामाचा नाही. उलट ते डोलणं वाढेल."

1971 साली रॉबिन शार्प या इंग्रज अभियंत्याने मोटारसायकलच्या याच दोन खोडी गणिताने वेगळ्या काढून दाखवल्या होत्या: हॅण्डलचं झपझप थरथरणं आणि अख्ख्या गाडीचं संथ डोलणं. मिस्त्रीने ते गणित पाहिलेलं नव्हतं. आयुष्यभर हॅण्डलं फिरवून त्याच्या हाताला ते कळत होतं, आणि अशा हाताचं ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

तरुण बराच वेळ टायरकडे बघत राहिला. "पण काका, इतके महिने गाडी एकदाही हलली नाही."

"तू तिला पळवलीच कुठे होतीस?"

हायवेवर त्याच्या हातात जे थरथरलं, ते त्या क्षणी तयार झालेलं नव्हतं. न मोजलेली हवा, पुढे ढकललेलं काम, चुकीच्या जागी ठेवलेलं ओझं हे सगळं गाडी गल्लीत उभी असतानाच तिच्यात होतं. वेगाने ते फक्त बाहेर काढलं. आणि त्या वेळी ते मुठीत दाबून मिटणारं नव्हतं. वेग उतरवून, थांबून, उभ्या गाडीवरच त्याचा इलाज होता. माणसाच्या धावपळीतही बहुधा असंच होतं.

कोनसेट यायला चार दिवस लागले, टायर त्यानंतर बदलला. रविवारी तरुण अंधेरीहून डहाणू लोकल पकडून लग्नाला गेला. येताना मिस्त्रीसाठी चिकू घेऊन आला.

काढलेली पेटी गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होती. एक दिवस दुसऱ्या मुलाने ती बघितली आणि विकत मागितली.

"अशीच घेऊन जा," तरुण म्हणाला. "पण कॅरिअर आत सरकवून लाव, आणि हिच्यात रेनकोटच ठेव. जड सामान खाली, साइडच्या बॅगांत. आणि आधी गाडी इथे उभी कर. काकांना हॅण्डल फिरवून बघू दे."