तळघरातली शांतता ऐकू येते की नुसती कळते?

ओलसर तळघरात ध्वनिमुद्रणाची खोली करायची म्हणजे आवाज आणि ओल या दोघांशी एकदम गाठ असते, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याच्या मुळावर येतो. आवाज अडवायचा तर खोली सर्व बाजूंनी बंद हवी. ओल घालवायची तर हवा खेळती हवी. एवढा खटाटोप ज्या शांततेसाठी करायचा, ती वस्तू आहे की वस्तूचा नुसता अभाव, आणि अभाव असेल तर तो कानाला कळतो कसा, हा प्रश्न मात्र गवंड्याच्या हद्दीबाहेरचा आहे. भारतीय दर्शनांत त्यावर शतकानुशतके वाद झाला.

आधी गवंड्याचे काम. भिंतींना स्पंज चिकटवला की खोली ‘साउंडप्रूफ’ होते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. स्पंजाने खोलीतला घुमारा कमी होतो; रस्त्यावरचा ट्रक त्यातून बिनदिक्कत आत येतो. आवाज अडतो तो वजनाने. भिंतीचे वजन दुप्पट केले तर, सिद्धांतानुसार, सुमारे ६ डेसिबलचा फरक पडतो, म्हणून नुसती जाडी वाढवत जाणे परवडत नाही. मूळ भिंतीला न टेकणारी दुसरी भिंत आतून उभारणे, म्हणजे खोलीत खोली बांधणे, हाच त्यातला शहाणपणाचा मार्ग. त्यातही फट घात करते. भिंतीच्या क्षेत्रफळाचा एक टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची भिंत कितीही भक्कम असो, एकूण रोध २० डेसिबलच्या वर जात नाही.

ओलीचे निदान त्याआधी व्हायला हवे. भिंतीवर अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा तुकडा कडा चिकटवून दोन दिवस ठेवतात. पाणी पत्र्यामागे साचले तर ओल जमिनीतून झिरपते आहे. खोलीकडच्या बाजूवर दव धरले तर ती हवेतलीच वाफ थंड पृष्ठभागावर जमते आहे. पहिल्या प्रकारात निचरा सुधारल्याशिवाय आतली भिंत बांधणे म्हणजे बुरशीला घर बांधून देणे. जिप्सम बोर्डावरचा कागद हे तिचे आवडते खाद्य, आणि भिजलेली खनिज लोकर खाली बसते. दुसऱ्या प्रकारात हवा कोरडी करणारे यंत्र लागते, आणि ते गुणगुणते. ताज्या हवेसाठी नळी ठेवावी तर तिच्यातून आवाज येतो, म्हणून तिला आतून अस्तर लावून वळणे द्यावी लागतात.

एवढे सगळे झाल्यावर दार लावले आणि काही ऐकू आले नाही. इथे नेमके काय कळले? कुमारिल भट्टांच्या भाट्ट मीमांसेचे उत्तर असे, की अभाव इंद्रियाला दिसत नाही की ऐकू येत नाही. तो ‘अनुपलब्धी’ (वस्तू न आढळणे) या ज्ञानाच्या स्वतंत्र, सहाव्या प्रमाणाने कळतो. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नाही. ज्या इंद्रियाने वस्तू कळते त्याच इंद्रियाने तिचा अभावही कळतो, म्हणून शब्द, म्हणजे ध्वनी, ऐकणारा कानच शब्दाचा अभाव जाणतो. मीमांसेतल्याच प्रभाकरांनी तर अभाव हा पदार्थच नाकारला: जमिनीवर घडा नाही म्हणजे नुसती जमीन दिसते, एवढेच.

घड्याच्या उदाहरणात प्रभाकरांचे म्हणणे पटण्याजोगे आहे, कारण जमीन डोळ्यांना दिसते. शब्दाच्या बाबतीत ते अडखळते. न्याय-वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण, आणि आकाश तर कोणत्याही इंद्रियाला कळत नाही. मग शांततेत ‘नुसते’ काय ऐकू येते? नैयायिक इथे सरस ठरतात. अभावाचे अधिष्ठान प्रत्यक्ष नसले तरी अभाव प्रत्यक्ष होऊ शकतो, असे ते मानतात. २०२३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की सलग शांतता ही तेवढ्याच वेळाच्या दोन तुटक शांततांपेक्षा श्रोत्यांना लांब वाटते. आवाजाच्या बाबतीत होणारा भ्रम शांततेच्या बाबतीतही होतो. नैयायिकांना यात आपली बाजू दिसली असती.

या वादातली सर्वांत उपयोगी अट मात्र ‘योग्यते’ची आहे. वस्तू असती तर कळली असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न कळणे हा अभावाचा पुरावा. बहिऱ्याला ऐकू न येणे हा पुरावा नव्हे. सामान्य मायक्रोफोनमध्ये त्याच्या स्वतःच्या खरखरीखाली बुडालेली गुणगुण ‘नाही’ असे म्हणता येत नाही.

अभाव नेहमी कशाचा तरी आणि कुठे तरी असतो, हेही न्यायदर्शनाचेच म्हणणे. अमेरिकन संगीतकार जॉन केज १९५१ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील प्रतिध्वनिरहित कक्षात गेले. तिथे त्यांना स्वतःच्याच शरीराचे, एक उंच आणि एक खालचा असे दोन आवाज ऐकू आले आणि शांतता अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्या वर्षी त्यांची ‘४′३३″’ ही, वादकाने काहीच न वाजवण्याची, रचना सादर झाली. निष्कर्ष घाईचा होता. सर्वच आवाजांचा अभाव तिथे नव्हता हे खरे, पण रस्त्याच्या आवाजाचा अभाव पूर्ण खरा होता, आणि तळघर बांधणाऱ्याला तेवढाच हवा असतो. (देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकरा’त सांगितलेला अनाहत नाद केजना ऐकू आला, असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे. शरीराच्या व्यापारांतून निघालेला आवाज आघाताशिवायचा कसा?)

प्रभाकरांची बाजू अगदीच लंगडी नाही, हे मुद्रणकारांच्या एका रिवाजावरून दिसते. काम संपल्यावर खोली होती तशीच ठेवून, कुणी न बोलता, ते नुसत्या खोलीचेही काही क्षण मुद्रण करून ठेवतात. संपादनात बोलण्यातला भाग कापला की त्या जागी हेच भरतात. तिथे निव्वळ शून्य ठेवले तर श्रोत्याला मुद्रण तुटल्यासारखे वाटते. म्हणजे श्रोता शांतता म्हणून जे ऐकतो ते बहुतेक वेळा एका विशिष्ट खोलीचे ऐकणे असते, ‘नुसती जमीन’ दिसावी तसे. नैयायिक यावर विचारतील, की खोलीचा तो बारीक आवाज हाही शब्दच, मग तो अभाव कसा? आणि संपादकाने ठेवलेले निव्वळ शून्य खटकते, ते तरी कानाला कळल्याशिवाय कसे खटकेल?