दाराबाहेर कोण उभं आहे?

न्यायाधीशाला धर्म कळायला हवा का? हा प्रश्न मला उशिरा पडला. मी राज्यशास्त्रात बी.ए. केलं, मग बरीच वर्षं पतसंस्थेत कॅशिअर होते आणि मुलं मोठी झाल्यावर सोलापुरात तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला. करार, मालमत्ता, फौजदारी कायदा हे शिकायला मी आले होते. पण घटनेच्या पेपरात धर्मस्वातंत्र्याचे अनुच्छेद २५ आणि २६ आले आणि माझं मन तिथंच अडकलं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्यांची वारी आहे. धर्माचरणाचं स्वातंत्र्य ही माझ्यासाठी परीक्षेत लिहायची टीप कधीच नव्हती.

या अनुच्छेदांसाठी कोर्ट जी ‘अत्यावश्यक धर्माचरणा’ची कसोटी लावतं, तिला वर्गात आम्ही नुसतं ‘ईआरपी’ म्हणतो. कोणतीही प्रथा कोर्टासमोर आली की ती त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का, हे पाहायचं. असली तर तिला घटनेचं संरक्षण मिळतं, नसली तर नाही. १९५४ साली उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यापासून हे चालत आलं. मद्रास सरकारच्या कायद्यानं मठाच्या कारभारात हात घातला होता. न्या. बी. के. मुखर्जी यांनी सांगितलं की धर्मात श्रद्धा येते तसा आचारही येतो, आणि अत्यावश्यक काय ते त्या धर्माच्याच शिकवणीवरून ठरवायचं. वाचताना हे फार रास्त वाटतं. पण शेवटी ठरवतं कोण? मठाधिपती नाही, भक्त नाही. ठरवतो न्यायाधीशच.

त्याआधी, २ डिसेंबर १९४८ रोजी, बाबासाहेबांनी संविधान सभेत वेगळी गोष्ट मांडली होती. आपल्याकडे धर्माच्या कल्पना जन्मापासून मरणापर्यंत सगळं आयुष्य व्यापून राहतात, म्हणून धर्माची व्याप्ती मुळात धार्मिक असलेल्या गोष्टींपुरतीच ठेवली पाहिजे. कूळकायदा किंवा वारसा धर्मानं चालवायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं: ही बाब देवाधर्माची की संसाराची? पुढे कोर्ट भलतंच विचारू लागलं: ही बाब या धर्माला किती गरजेची? पहिल्याचं उत्तर कुठलाही समजूतदार माणूस देईल. दुसऱ्यासाठी न्यायाधीशाला शास्त्रीबुवा व्हावं लागतं, मौलवी व्हावं लागतं.

ही कसोटी श्रद्धेच्या माणसाला लावली तर काय होतं, ते मी घरीच पाहिलं. सेमिस्टरचा अभ्यास चालला होता. घरातले वडीलधारे आप्पा ओसरीवर माळ ओढत बसले होते. मी विचारलं, “आप्पा, वारी आपल्यात सक्तीची आहे का हो?” ते म्हणाले, “सक्तीची असती तर मी गेलो असतो का?” आणि पुन्हा माळ ओढायला लागले.

मला तेव्हा वही बंद करावीशी वाटली. कोर्ट बहुतेक वेळा बंधन शोधतं. ग्रंथात ‘केलंच पाहिजे’ असं लिहिलंय का, पर्याय दिलाय का, हे पाहतं. १९५८ साली बकरी ईदच्या कुर्बानीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं असाच विचार केला: शेळी किंवा उंटही चालतो, म्हणजे गाईची कुर्बानी बंधनकारक नाही. पण भक्ती ही न सांगता केलेली गोष्ट. जे प्रेमानं केलं, त्याला या कसोटीत जागाच नाही. ज्यावर पोथीत दंड सांगितलाय, ते मात्र आपसूक ‘अत्यावश्यक’ ठरतं. म्हणजे धर्मातलं कठोर तेवढं टिकतं आणि कोवळं गळून जातं. भाविक माणसाच्या हिताची म्हणवणारी कसोटी असं करत असेल, तर तिच्यात मुळातच काहीतरी चुकलंय.

आणखी एक खटला, न्या. गजेंद्रगडकरांनी निकाल दिलेला. साताऱ्याचे, संस्कृत पंडितांच्या घराण्यातले, १९६६ च्या या निकालावेळी भारताचे सरन्यायाधीश. अहमदाबादच्या स्वामिनारायण संप्रदायाच्या सत्संगींनी दावा केला होता की आम्ही हिंदू नाही, आमचा धर्म वेगळा आहे, म्हणून हरिजनांना मंदिरं उघडी करणारा कायदा आम्हाला लागू नाही. सत्संगी हरले, मंदिरं उघडी राहिली. या निकालाचा मला आनंद आहे, तो मी लपवणार नाही. पण लायब्ररीतल्या एआयआर या निकालसंग्रहाच्या जाड खंडात मी तो अख्खा वाचला. त्यात वेद येतात, दर्शनं येतात, राधाकृष्णन येतात, मॅक्स म्युलर येतात, टिळकांनी केलेली हिंदूची व्याख्या येते. मग सत्संगींना सांगितलं जातं की तुमची भीती अंधश्रद्धा, अज्ञान आणि तुमच्याच स्वामिनारायणांच्या शिकवणुकीच्या गैरसमजातून आली आहे.

आणि मूलदास? मूलदास भूदरदास वैश्य, महागुजरात दलित संघाचे अध्यक्ष, ज्यांचं नाव खटल्याच्या मथळ्यात आहे, ते कुठे आहेत? मी पानं उलटून शोधलं. सुरुवातीच्या हकिकतीत ते भेटतात, मग तत्त्वज्ञानाच्या गर्दीत दिसेनासे होतात. दारात अडवलेल्या माणसाला काय वाटतं, त्याच्या मुलांसमोर त्याची मान कशी खाली जाते, यावर त्या विद्वान निकालात फारसं काही नाही. त्याच्या हक्काला अनुच्छेद १७ पुरेसा होता: अस्पृश्यता नष्ट. सत्संगी हिंदू आहेत की नाहीत, यावर एका माणसाचं देवळात पाऊल टाकणं अवलंबून का राहावं? उद्या एखाद्या पंथानं आपलं वेगळेपण खरोखर सिद्ध केलं, तर मग दार बंद करायचं का?

हेच १९६२ साली घडलं, उलट्या बाजूनं. कोणत्याही समाजात कोणालाही वाळीत टाकता येऊ नये म्हणून मुंबई सरकारनं १९४९ साली कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं. चार न्यायाधीश विरुद्ध एक अशा बहुमतानं कायदा रद्द झाला, कारण धार्मिक कारणासाठी बहिष्कृत करण्याचा अधिकार हा त्या समाजाच्या धर्मव्यवस्थेचा भाग आहे, असं बहुमताला पटलं. धर्माचा अर्थ बहुमतानं कदाचित बरोबरच लावला असेल. मी तो वाद घालत नाही. पण वाळीत पडलेल्याला मशीद बंद, जमातखाना बंद, आणि मेल्यावर समाजाचं कब्रस्तानही बंद. एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा वेगळं बोलले. त्यांनी पाहिलं की या माणसाचे नागरी हक्क जातात, तो अस्पृश्यासारखा होऊन बसतो, आणि म्हणून कायदा योग्य आहे. ग्रंथापेक्षा त्यांनी माणसाकडे पाहिलं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी हा प्रश्न नऊ जणांच्या पीठाकडे विचारासाठी पाठवला, आणि महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. जातपंचायतीनं वाळीत टाकलेल्या घराला वाण्यानं मीठसुद्धा न देणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग उडुपी पुन्हा आली. तिथल्या सरकारी पीयू कॉलेजात हिजाबवरून मुलींना वर्गाबाहेर ठेवलं गेलं. मार्च २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं हिजाब इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही असं म्हणून विषय मिटवला. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांचं मत दुभंगलं. त्यातल्या न्या. सुधांशु धुलिया यांनी लिहिलं की अत्यावश्यकतेच्या वाटेनं जाण्याची गरजच नव्हती. मुलीचं शिक्षण हा मुद्दा आहे. ते वाचताना माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “ताई, आम्ही अभ्यास करावा एवढंच त्यांना म्हणायचंय ना?” तिचा स्कार्फ बेअर अॅक्टच्या पानावर आला होता, तो तिनं मागे घेतला आणि ती पुढे वाचू लागली.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोर्टानं धर्माचा गाभा शोधणं सोडावं. दाराबाहेर कोण उभं आहे, त्याचं पाणी, दफन, शाळा, रोजगार, नातीगोती यांतलं काय तुटलंय, ते पाहावं. तुटलं असेल तर प्रथा कितीही जुनी, कितीही ग्रंथसिद्ध असो, राज्यानं मध्ये पडावं. तुटलं नसेल तर ज्याला जे भजायचं ते भजू द्यावं, मग ते ग्रंथात असो वा नसो.

सगळं यातून सुटत नाही. आमच्या वर्गात एक जैन मुलगा आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा किंवा सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत, जैन धर्मात अत्यावश्यक नाही, तो आत्महत्येसारखा गुन्हा आहे असं म्हटलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. तो मुलगा म्हणाला, “आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. आमच्या आजीनं त्यांचं शेवटचं दर्शन घेतलंय. ते काय आत्महत्या करत होते?” इथं बाहेर कोणी उभं नाही, स्वतःच्या देहाचा निरोप घेणारा एक माणूस आहे. मी फक्त इतकं विचारेन की त्याच्यावर कोणाचा दबाव आहे का, आणि मन बदललं तर त्याला पेज मिळेल का. पण एखाद्या म्हाताऱ्या विधवेच्या बाबतीत दबाव आणि श्रद्धा यांतली रेघ कोण ओढणार, हे मला अजून उमगलेलं नाही, आणि उमगल्यासारखं दाखवणं मला जमणार नाही.

पंढरपुरात मात्र रेघ स्वच्छ दिसते. महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या अलीकडे, चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला कुसू कोसळून ते गेले आणि त्यांच्या अस्थी इथं आणल्या, असं परंपरा सांगते. वारकरी आधी तिथं वाकतात, मग पायरीवर, मग आत. ज्यांच्या अभंगांत विठ्ठल आहे, त्यांना विठ्ठलाच्या देवळात जागा नव्हती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, आणि त्याच वर्षी मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदा आला. चोखोबांना आत घेणं वारकरी धर्माला अत्यावश्यक होतं का, हे सिद्ध करत बसायची वेळ तेव्हा कोणावर आली नाही. ते बाहेर होते, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

कायदा शिकवणाऱ्या सर आणि मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे. ‘अत्यावश्यक धर्माचरण: टीप लिहा’ असा प्रश्न पेपरात घाला, हरकत नाही. पण १९६२ चं सिन्हांचं एकट्याचं मत गाइडमधल्या चार ओळींत नको. ते मुलांना वर्गात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा.